आठी दिसली म्हणजे राग दिसला असं नाही

मुंबई विमानतळावर चेहरा पाहून आत सोडणारा डिजियात्राचा कॅमेरा आणि फोनचं लॉक एकच गोष्ट विचारतात: हा तोच माणूस का? हे तुम्हाला ठाऊक आहे. 'याला काय वाटतंय' हा वेगळा प्रश्न, हेही बहुतेकांना कळतं. गाडी अडते ती पुढे. हावभाव मोजणं आणि भावना ओळखणं या दोन गोष्टी बातम्यांत आणि जाहिरातींत सर्रास एकच धरल्या जातात, आणि ते वाचून मी वैतागलो आहे.

हावभाव हा स्नायूंचा मामला. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची क्रमवार यादीच मांडली. भुवया खाली ओढल्या की ४, गाल उचलले की ६, ओठांची टोकं वर गेली की १२. या क्रमांकांत राग नाही, आनंद नाही. उजेड बरा असेल आणि चेहरा समोर असेल, तर संगणक हे काम चांगलं करतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ४ वरून थेट 'राग' म्हणण्याबद्दल. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये पश्चिमेच्या खिडकीशी बसलेल्या माणसाकडे पाहा. भुवया आक्रसलेल्याच असतात. डोळ्यांवर ऊन येतंय, की तो बारीक अक्षर वाचतोय, की खरंच चिडलाय? स्नायू तोच. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आजवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. रागावलेली माणसं भुवया आक्रसतात ती साधारण ३० टक्के वेळाच. बाकी वेळी चेहरा दुसरंच काही करतो, आणि राग नसतानाही आठी पडतेच.

मग भावना ओळखणाऱ्या यंत्रांचा 'इतके टक्के अचूक' हा दावा येतो कुठून? अशी यंत्रं शिकवायला आणि तपासायला पुष्कळांनी वापरलेला एफईआर-२०१३ हा फोटोंचा साठा घ्या. ३५,८८७ चेहरे, प्रत्येक ४८ बाय ४८ पिक्सेलचा, सात लेबलं. फोटो इंटरनेटवरून गोळा केलेले. 'तेव्हा तुला काय वाटत होतं' हे फोटोतल्या माणसाला कुणी विचारलंच नाही. लेबल बाहेरून लागलं. म्हणजे अचूकता मोजली जाते ती बघणाऱ्याच्या अंदाजाशी ताडून. ज्याचा चेहरा, त्याच्या मनाशी नव्हे.

आपल्या नाट्यशास्त्राने मनातली भावना आणि ती बाहेर दाखवणारी खूण यांना वेगळी नावं दिली आहेत: स्थायीभाव आणि अनुभाव. दादरच्या शिवाजी मंदिरात नट रंगमंचावर रडतो, तेव्हा त्याच्या घरी कुणी वारलं असं आपण समजत नाही. तेवढी समज यंत्राच्या अहवालाबाबतही हवी.

माझ्या भाचीच्या ऑनलाइन मुलाखतीनंतर एका कंपनीच्या अहवालात 'नकारात्मक भाव' अशी नोंद आली. मन लावून ऐकताना तिच्या भुवया जवळ येतात, अगदी शाळेत असल्यापासून. त्या नोंदीचा मला आजही राग आहे.

युरोपीय संघाच्या एआय कायद्याने हा फरक नेमका पकडला आहे. हसू किंवा आठी नुसती टिपणं म्हणजे भावना ओळखणं नव्हे. त्यावरून मनातल्या भावनेचं अनुमान काढलं, की ते त्या व्याख्येत येतं. नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी असं अनुमान काढायला तिथे २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून.