ट्रॅक्टरचं इंजिन म्हणजे त्याचा कणाच

कुर्ल्याच्या सीएसटी रोडमागच्या एका गाळ्यात परवा एक ट्रॅक्टर दोन तुकड्यांत उभा होता. पुढची चाकं आणि रेडिएटर एकीकडे, गिअरबॉक्स आणि मोठी चाकं दुसरीकडे, दोन्हींखाली लाकडी ठोकळे. कारचं इंजिन काढलं तरी कार चाकांवर उभी राहते. ट्रॅक्टरचं काढलं की तो मधूनच तुटतो, कारण त्याला बहुधा वेगळी चासी नसते. इंजिनचा ओतीव ब्लॉकच पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा गिअरबॉक्स एकत्र धरून ठेवतो. 1917च्या फोर्डसनपासून ही रचना जगभर रुळली.

हा ट्रॅक्टर होता बी-275. मूळ रचना ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरची. 1960च्या दशकात महिंद्राच्या कांदिवलीच्या कारखान्यात तो बनू लागला. पालघरच्या एका बागायतदारांच्या वडिलांनी तो वापरला होता. आता ब्लॉकला तडा गेला होता. एका जुन्या कारचं 80 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन स्वस्तात मिळत होतं. मूळचं 35चं, म्हणजे ताकद दुपटीहून जास्त, असा मालकांचा हिशेब.

"दादा, एचपी नका बघू, आरपीएम बघा," मिस्त्री म्हणाले.

अश्वशक्ती (एचपी) म्हणजे टॉर्क आणि मिनिटाचे फेरे (आरपीएम) यांचा गुणाकार. टॉर्क म्हणजे शाफ्ट पिळण्याचा जोर. बी-275चं इंजिन मिनिटाला 1900च्या आसपास फेऱ्यांवर 35 अश्वशक्ती देतं. तिथे टॉर्क सुमारे 130 न्यूटन-मीटर येतो. कारचं इंजिन 80 अश्वशक्ती देतं ते 6000 फेऱ्यांवर, आणि तिथे त्याचा टॉर्क असतो जेमतेम 95. तेच इंजिन 1900 फेऱ्यांवर चालवलं आणि टॉर्क तेवढाच राहिला, तर हाती लागते 25 अश्वशक्ती. मग फेरे वाढवा, असं कुणी म्हणेल. पण ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ, म्हणजे अवजारं फिरवणारा शाफ्ट, मिनिटाला 540 फेरे देण्यासाठी आखलेला असतो. इंजिन चार हजारांवर नेलं की तो हजाराच्या वर जाईल आणि रोटाव्हेटरचे तुकडे उडतील.

त्याहून मोठी अडचण गव्हर्नरची, म्हणजे फेरे आपोआप कायम ठेवणाऱ्या यंत्रणेची. नांगराचा फाळ कडक जमिनीत घुसला की इंजिन दमतं, फेरे घसरतात. गव्हर्नरमधली फिरती वजनं लगेच आत येतात, पंप जास्त डिझेल सोडतो आणि फेरे पुन्हा जागेवर येतात. चालकाला पायही हलवावा लागत नाही. जुन्या कारच्या कार्ब्युरेटरला हे जमत नाही. दर ढेकळाला माणसानेच अंदाज घ्यायचा. दिवसभर नांगरणाऱ्यासाठी मला हा फरक अश्वशक्तीपेक्षा मोठा वाटतो.

अमेरिकेत फंक कंपनीने फोर्ड 8एन या लहान ट्रॅक्टरात फोर्डचंच व्ही-8 इंजिन बसवायचं सामान विकलं होतं. पंचवीसेक अश्वशक्तीच्या जागी शंभर! बघायला थरारक, पण मागच्या अ‍ॅक्सलची मला काळजीच वाटते. इंग्लंडमध्ये फर्ग्युसन टीई-20मध्ये पर्किन्सचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवत, तो मार्ग जास्त शहाणपणाचा.

इथेही शेवटी डिझेलच ठरलं. एका हाउसिंग सोसायटीच्या जुन्या जनरेटरचं, 1500 फेऱ्यांचं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून चार ध्रुवांचा जनरेटर 1500 फेऱ्यांवरच चालवावा लागतो. गव्हर्नर आयताच मिळाला; फक्त त्याचा लिव्हर मोकळा करून हँड थ्रॉटलला जोडायचा होता. पण त्या इंजिनाचा सम्प, म्हणजे तळाची तेलाची टाकी, पत्र्याचा, कण्याचं काम त्याला झेपणार नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी पट्ट्या, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मध्ये लेथवर कातलेली पोलादी प्लेट.

सगळा कस या प्लेटवर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य जुळला नाही तर गिअरबॉक्सचा शाफ्ट दर फेऱ्याला वाकतो, मिनिटाला दीड हजार वेळा. आधी क्लच प्लेटचे दाते जातात, मग बेअरिंग. मिस्त्रींनी क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टला, डायल गेज हे बारीक फरक मोजणारं घड्याळ बांधलं आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. सुई चाळीस शतांश मिलिमीटर हलली. बोल्ट सैल केले, लाकडी हातोडीने प्लेटला एक हलकी टिचकी, पुन्हा फेरा. पंचवीस. पुन्हा टिचकी. अकरा. चौथ्या खेपेला सुई सहावर थांबली, तेव्हा त्यांनी बोल्ट आवळून डॉवेल पिनांसाठी, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खिळ्यांसाठी, भोकं पाडली. पिना ठोकल्यावर प्लेट कितीही वेळा उघडली तरी त्याच जागी बसेल.