इस्रायलमध्ये लग्नाची सत्ता रब्बींकडे कशी आली

इस्रायलमध्ये दोन ज्यूंना नोंदणी पद्धतीने लग्न करता येत नाही; ते रब्बींकडूनच, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडूनच, लावावे लागते. ही व्यवस्था ज्यू राष्ट्राने निर्माण केली असा समज आहे, पण तिची मुळे ज्यूंना राज्यच नव्हते त्या काळातली आहेत.

तिसऱ्या शतकात बाबिलोनियातले धर्मपंडित श्मुएल यांनी सूत्र घालून दिले: राज्याचा कायदा तोच कायदा. करवसुली, जमीनजुमला, खरेदीखते यांत परक्या राजाचे ऐकायचे. लग्न आणि सोडचिठ्ठी मात्र धर्मशास्त्रानेच. उस्मानी साम्राज्याने मिल्लत पद्धतीत, म्हणजे प्रत्येक धर्मसमाजाचे कौटुंबिक व्यवहार त्याच्या धर्मगुरूंकडे सोपवून, हीच वाटणी राबवली. ब्रिटिशांनी ती तशीच ठेवली आणि १९२१ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये प्रमुख रब्बींची संस्था उभी राहिली.

१९ जून १९४७ रोजी पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान झालेले बेन-गुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगुदत इस्रायल या कर्मठ पक्षाला पत्र लिहिले. शनिवारची सुट्टी, सरकारी स्वयंपाकघरांत कोशर (ज्यू धर्मनियमांनुसारचे) अन्न, शिक्षणात स्वायत्तता आणि विवाहाच्या बाबतीत धार्मिक गरजांची काळजी, अशी ती चार आश्वासने. पॅलेस्टाइनच्या भवितव्याबाबत संयुक्त राष्ट्रांची समिती पाहणीला आली होती, तिच्यासमोर ज्यूंमधली फूट दिसू नये ही त्यामागची निकड. त्यातले विवाहाचे आश्वासन १९५३ मध्ये कायदा झाले, आणि इथेच खरा घोटाळा झाला असे आम्हाला वाटते. रब्बींमध्ये मतभेद पूर्वीही होते. आता प्रमुख रब्बींच्या एका मंडळाचे परिपत्रक देशभरातल्या विवाह नोंदणीवर लागू होऊ लागले.

त्याची झळ कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला बसली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’. शेकडो वर्षे रब्बींशिवाय राहिल्यामुळे त्यांच्यात घटस्फोट शास्त्रोक्त झाले असतील का, अशी शंका काढली गेली. शास्त्रोक्त सोडचिठ्ठीविना पुनर्विवाह केलेल्या स्त्रीची दुसऱ्या नवऱ्यापासूनची संतती ‘मम्झेर’ ठरते आणि तिला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. म्हणून प्रमुख रब्बींच्या १९६२ च्या सूचनांनुसार बेने इस्रायल वधूवरांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी सुरू झाली. खरे तर या समाजात घटस्फोट दुर्मीळच होते. जेरुसलेममध्ये आंदोलन पेटले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) त्यांना सर्वार्थाने समान मानले, तेव्हा रब्बींनी सूचनांतून समाजाचे नाव वगळले. चौकशीचा अधिकार मात्र स्वतःकडेच ठेवला.

इस्रायली विचारवंत येशायाहू लाइबोविट्झ स्वतः धर्मनिष्ठ होते, तरी धर्म आणि राज्य वेगळे करा असे ते ठणकावून सांगत. राज्याच्या पगारावरचा धर्म राज्याचा नोकर होतो, ही त्यांची चिंता आम्हाला आजही रास्त वाटते.

रब्बींना टाळायची पळवाट म्हणजे सायप्रससारख्या देशात जाऊन लग्न करणे. परदेशात झालेले लग्न नोंदवून घ्यावेच लागते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फुंक-श्लेझिंगर खटल्यात दिला. अशा ज्यू जोडप्यालाही घटस्फोटासाठी परत रब्बींच्या न्यायालयातच जावे लागते. तिथे नवऱ्याने स्वेच्छेने ‘गेट’, म्हणजे शास्त्रोक्त सोडचिठ्ठी, द्यावी लागते. तो अडून बसला तर बायको अडकून पडते. १९९५ च्या कायद्याने अशा नवऱ्याचा पासपोर्ट, वाहन परवाना किंवा बँक खाते रोखण्याचे आणि त्याला तुरुंगात टाकण्याचेही अधिकार या न्यायालयांना दिले.