केकिक म्हणजे थाइम की ओरेगॅनो? तुर्की झाडांच्या इंग्रजी नावांची पार्श्वभूमी

तुर्की झाडांना इंग्रजी नाव देताना होणारा गोंधळ जुनाच आहे. ट्यूलिपला तुर्कीत लाले म्हणतात, पण इंग्रजी शब्द आला तो फेट्याच्या कापडाला जे तुल्बेन्त म्हणतात त्यावरून. मग १८९० मधे इस्तंबूलला मोठा तुर्की-इंग्रजी कोश छापला गेला, त्यातले तुर्की शब्द अरबी लिपीत, आणि १९२८ ला लिपीच बदलली, त्यामुळे जुना कोश नव्या पिढीला नुसता वाचायचा तरी शिकावं लागतं.

पण खरी अडचण एकाच शब्दात बघायची तर केकिक घ्या, जेवणात घालतात त्या वासाच्या पाल्याचा तुर्की शब्द. बहुतेक डिक्शनऱ्या सरळ थाइम, म्हणजे थायमस जातीच्या झाडाचं इंग्रजी नाव, लिहून मोकळ्या होतात आणि माझ्या मते तिथेच चुकतं. तुर्कस्तानात केकिक हे एका झाडाचं नाव नाहीच, ते वासाचं नाव आहे. थायमस, ओरिगॅनम (म्हणजे ओरेगॅनो), सॅटुरेजा, थिम्ब्रा अशी लॅटिन नावांची वेगवेगळी झाडं, ज्याचं पान चुरगाळल्यावर तो तिखट गरम वास येतो ते सगळं केकिक. हा वास मुख्यतः कार्वाक्रोल आणि थायमॉल या पानाच्या तेलातल्या द्रव्यांचा, आपल्या ओव्यात थायमॉलच असतं, म्हणून तर भजीसाठी कुंडीत लावतो त्या ओव्याच्या पानाला आपण ओवा म्हणतो, झाड ओव्याचं नसलं तरी. तुर्की माणूस तेच करतो, त्यात त्याचं काही चुकत नाही.

बरं, मेंढीच्या चॉप्सवर नाहीतर ऑलिव्हवर जे भुरभुरवतात ते बहुतेक वेळा इझमीर केकिक, म्हणजे ओरिगॅनम ओनाइटिस. हे आधी डोंगरावरून तोडून आणायचे, नंतर पश्चिम तुर्कस्तानातल्या देनिझलीकडे शेतात लावायला लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पिझ्झा वाढला तशी ओरेगॅनोची मागणी वाढली आणि हाच माल परदेशात ओरेगॅनो म्हणून विकला जातो. म्हणजे व्यापाऱ्यांनी बरोबर नाव लावलं आणि रेसिपी भाषांतर करणारे अजून थाइमच लिहितात! गंमत म्हणजे मेर्जानक्योश्कला इंग्रजीत मार्जोरम म्हणायला कोणी अडत नाही, आपल्या गजऱ्यातला मरवा तो हाच, ओरेगॅनोचा सख्खा भाऊ.

१९६५ ते १९८५ मधे एडिंबरोहून तुर्कस्तानच्या वनस्पतींचे ९ खंड आले, इंग्रजीत, पण नावं लॅटिन, कारण तिथल्या पुष्कळ झाडांना इंग्रजी बोलीनाव मुळात नाहीच. १९९४ ला निघालेल्या कोशात गावोगावची नावं लॅटिन नावांना जोडून दिली, माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी काम हेच. २०१२ च्या यादीत प्रत्येक प्रजातीला एकेक तुर्की नाव ठरवलं, त्यात कितीतरी नवी बनवलेली, ती बाजारात कोणी बोलत नाही. दक्षिणेकडच्या हाताय प्रांतात थिम्ब्राच्या कोवळ्या पानांचं सॅलड करतात त्याला लोक झाहतेरच म्हणतात. अशा ठिकाणी इंग्रजीत झाहतेर तसंच ठेवून शेजारी लॅटिन नाव द्यावं, आणि चॉप्सच्या रेसिपीत सरळ ओरेगॅनो लिहावं.