प्रौढांसाठीची ॲनिमेशन सुखात्मिका

प्रौढ प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून केलेली, विनोदी बाजाची ॲनिमेशन मालिका अथवा चित्रपट. बोलण्यात अशा सगळ्यालाच ‘कार्टून’ म्हणतात आणि कार्टून म्हणजे पोरांचे, हेही ओघानेच धरले जाते. येथे मुख्यतः त्या उपप्रकाराचा विचार केला आहे, ज्यात हसवत सुरू झालेली कथा पुढे गंभीर नाट्याकडे वळते.

उगम : अमेरिकन दूरचित्रवाणीवर ३० सप्टेंबर १९६० रोजी सुरू झालेली ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही रात्रीच्या मुख्य वेळेत दाखवली गेलेली पहिली ॲनिमेशन मालिका मानतात आणि बरेच अभ्यासक आरंभ तेथूनच धरतात. तिचा विनोद मात्र घरगुती होता. आजच्या अर्थाने प्रौढ म्हणावा असा सूर ‘द सिम्पसन्स’पासून (१९८९) रुळला, हे मत अधिक पटणारे आहे.

भारतातील ॲनिमेशनचा माग नाशिकपर्यंत जातो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१३ मध्ये मुंबईहून नाशिकला आले. आगकाड्या हलत्या करून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्याचे वर्ष सर्वसाधारणपणे १९१५ देतात. फ्रान्सच्या एमिल कोल यांच्या १९०८ मधील आगकाड्यांच्या पटाची त्यामागे प्रेरणा असावी. फाळक्यांच्या लघुपटाची प्रत आज उपलब्ध नाही. म्हणून काही इतिहासकार भारतीय ॲनिमेशनचा आरंभ १९३४ च्या, कलकत्त्यात झालेल्या ‘द पी ब्रदर्स’पासून मोजतात. ॲनिमेशन म्हणजे फक्त रेखाटलेली चित्रे, असे मानले तर ते ठीक आहे. पण एकेक चौकट (फिल्मवरचे एक स्थिर चित्र) घेऊन अचल वस्तूला चाल देणे ही व्याख्या घेतली, तर मान आगकाड्यांकडेच जातो. वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपण्याचा प्रयोग फाळक्यांनी त्याआधीच केला होता, हेही याच पक्षाला बळ देते.

तंत्र : मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे १६ चौकटी धरला, तर एका मिनिटाला काड्या ९६० वेळा टिपाव्या लागतात. हातदांड्याच्या कॅमेऱ्याचा दांडा नेहमीच्या जोडणीत एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे नेतो. एका फेऱ्याला एकच चौकट हवी असेल तर जोडणी बदलावी लागते. दांडा कमीजास्त वेगाने फिरला की चौकटी फिक्या-गडद होतात आणि पडद्यावर चित्र लुकलुकते. उन्हात काम असले आणि मध्येच ढग आला तरी तोच दोष. मेजाला धक्का लागला तर काडी एकदम उडी मारते. तेवढा भाग पुन्हा घेण्यावाचून इलाज नसतो.

आजच्या मालिकेत क्रम असा : संहिता, आवाजांचे ध्वनिमुद्रण, चित्रफलक (प्रसंगांची क्रमाने काढलेली कच्ची रेखाटने), त्यांचा वेळेनुसार जोडलेला कच्चा पट आणि शेवटी चित्रांना चाल देणे. सेकंदाला २४ चौकटींप्रमाणे २५ मिनिटांच्या भागात ३६,००० चौकटी येतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवले तर निम्म्यावर भागते. आवाज आधी, चित्र नंतर हा क्रम नाट्याच्या दृष्टीने कळीचा आहे. नटाने घेतलेला श्वास, अडखळणे, थांबणे यांवर चित्रकार ओठ आणि पापण्या बेततो. शांततेची लांबी कच्च्या पटातच ठरवावी लागते. तेथे ती आखडली, तर दुःखाचा प्रसंगही विनोदासारखा पटकन उडून जातो.

नाट्याकडे वळण : याचे ठळक उदाहरण म्हणजे राफेल बॉब-वॉक्सबर्गनिर्मित ‘बोजॅक हॉर्समन’ (२०१४–२०२०, ७७ भाग). नायक घोड्याच्या तोंडाचा, कीर्ती ओसरलेला नट. पहिले काही भाग साध्या थट्टेचे वाटतात. पहिल्या पर्वाच्या उत्तरार्धात व्यसन, अपराधभाव आणि आईबापांनी दिलेल्या जखमा उघड्या पडतात. सुरुवातीचे सहाच भाग पाहून लिहिलेली परीक्षणे म्हणूनच थंड होती. पाचव्या पर्वातल्या सहाव्या भागात तो आईच्या शवपेटीशेजारी उभा राहून जवळजवळ पूर्ण भाग एकटाच बोलतो. आई शेवटी ‘आय सी यू’ म्हणाली; मी तुला पाहते आहे, असा अर्थ तो लावत राहतो. मग त्याच्या ध्यानात येते की ती अतिदक्षता विभागाची पाटी वाचत होती. आपल्याकडच्या दवाखान्यांतही ‘आयसीयू’ हीच पाटी असते, त्यामुळे हा घाव मराठी प्रेक्षकाला भाषांतराशिवाय लागतो.

उतारवयातला नट आणि त्याचे दीर्घ स्वगत मराठी रंगभूमीला नवे नाही. नाशिककर वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) त्यावरच उभे आहे. फरक चेहऱ्याचा. रंगमंचावर नटाचा घाम आणि थरथरता हात दिसतो; येथे रेखाटलेला, जवळपास स्थिर घोड्याचा मुखवटा असतो आणि सगळा भार आवाजावर पडतो. हा मुखवटा अडचण नसून बळ आहे. हसण्यासाठी सैल झालेला प्रेक्षक सावध नसतो आणि दुःख थेट पोहोचते.

पाहताना : भाग क्रमानेच पाहावेत, थट्टेत आलेली एखादी वस्तू दोन पर्वांनंतर शोकाचे कारण होते. मूळ इंग्रजी संवाद भरभर असल्याने उपशीर्षके चालू ठेवावीत. पार्श्वभूमीतल्या पाट्यांवरही मजकूर असतो, तो वाचायला चित्र थांबवावे. चित्रे पाहून मुलांसमोर लावण्याची चूक सहज होते. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार यू/ए १३+ (तेरा वर्षांवरील) आणि त्यावरील वर्गांसाठी पालक-कुलपाची (मुलांना तो कार्यक्रम उघडता येऊ नये अशी सोय), तर ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांच्या वर्गासाठी वय पडताळणीची सोय देणे ऑनलाइन मंचांना बंधनकारक आहे. कुलूप मात्र खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन घरच्यांनीच लावायचे असते.