पंख्याची उधारीची वही

हल्ली कशावरही ‘एआय’ची पाटी लागते. परवा बार्बेक्यू स्मोकरच्या तापमान-नियंत्रकाच्या जाहिरातीत ती पाहून हसू आलं. या कामाला लागणारं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे आणि घरी बसून जमतं.

धुरावर मांस शिजवायचं तर साधारण ११० अंश सेल्सिअस तापमान कित्येक तास टिकवावं लागतं. अनेकांना वाटतं, आच कोळशाच्या ढिगावर ठरते. ती ठरते हवेवर. ऑक्सिजन मिळेल तेवढाच कोळसा पेटतो. त्यामुळे एक छोटा पंखा, एक थर्मिस्टर (तापला की त्याचा विद्युतरोध घटतो) आणि अर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा चिमुकला संगणक), एवढ्यावर भागतं.

आता पंखा किती फिरवायचा? समजा, तापमान जितके अंश कमी, त्याच्या चौपट टक्के वेग. पण ११० टिकवायलाच २० टक्के वेग लागत असेल तर? ११० गाठताच तफावत शून्य, म्हणून पंखाही बंद, आणि आच पुन्हा उतरते. शेवटी तापमान १०५च्या आसपास अडकतं, कारण पाच अंशांची तूट असेल तरच २० टक्के वेग मिळतो!

इथे येते वही. दर सेकंदाची तफावत बेरजेत टाकत जायची आणि त्या बेरजेच्या प्रमाणात पंख्याचा वेग वाढवायचा. बेरीज फुगत फुगत एकटीच २० टक्के वेग देऊ लागली, की तूट संपते. आत्ताची तफावत, साचलेली तफावत आणि ती बदलण्याचा वेग, हे ‘पीआयडी’चे तीन भाग. अभियंते निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी हे गणित मांडलं. त्यातला तिसरा भाग मी जवळजवळ शून्यच ठेवतो. सेन्सरच्या बारीक थरथरीनेही तो बावचळतो.

खरी गंमत झाकण उघडल्यावर. सेन्सर ७० दाखवतो, तूट ४० अंश. पंखा तर आधीच १०० टक्क्यांवर, त्याहून जास्त तो फिरणार कसा? तरी वहीत दर सेकंदाला ४० जमा होतात. तीन मिनिटांत ७,२००. झाकण लावलं की भरपूर हवा प्यालेला कोळसा उसळतो, ११० ओलांडतो, पण वही म्हणते, फुंकत राहा! ही उधारी फेडायला तापमान २० अंशांनी जास्त राहून तब्बल सहा मिनिटं जावी लागतात. याला ‘इंटिग्रल विंडअप’ म्हणतात. माझं पहिलं मांस यातच करपलं, आणि मी दोष कोळशाला देत बसलो होतो.

इलाज एका ओळीचा: पंखा १०० टक्क्यांवर असताना तूट वहीत मांडायची नाही.

पंखा बंद असूनही आच चढतच राहिली, तर मात्र कोड उकरू नका. झाकणाच्या कडेची फट शोधा. आणि हे सगळं उघड्यावरच करा. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.