इंटरनेट दूरध्वनी : जाळे व वीजपुरवठा

कार्यालयात आयपी दूरध्वनी (संगणकाच्या जाळ्यावरून चालणारे फोन) बसविण्यापूर्वी केबल, स्विच (फोन व संगणक जाळ्यात जोडणारी पेटी), बॅण्डविड्थ (जाळ्याची माहिती वाहण्याची क्षमता) व वीज यांची करावयाची जुळणी. यांपैकी विजेचा विचार बहुधा शेवटी होतो. जुन्या दूरध्वनीला वीज लागते हे वापरणाऱ्याला कधी जाणवलेच नव्हते; एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांचा उणे ४८ व्होल्ट दाब बोलण्याच्या तारेवरूनच येई आणि इमारतीतली वीज गेली तरी डायल टोन मिळे.

४८ या आकड्याची उपपत्ती निरनिराळी दिली जाते. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, असे सोपे उत्तर प्रचलित आहे; तथापि एक्स्चेंजमध्ये २ व्होल्टचे शिसे-अम्ल घट (सेल) सुटे जोडीत, हे पाहता २४ घटांची माळ हे स्पष्टीकरण अधिक संभाव्य वाटते. लांब तारेतील दाबघट सोसेल इतका जास्त, पण हाताळणाऱ्यास फारसा धोका नसेल इतका कमी, असा हा मध्यम दाब होय. उणे चिन्हाबद्दल मतभेद नाही : धन टोक भूमीशी जोडल्याने ओलाव्यात तांब्याचे क्षरण कमी होते.

ईथरनेट केबलमधून वीज देण्याची पद्धत (पीओई) याच दाबाच्या आसपास बेतलेली आहे. जाळ्याची उपकरणे बनविणाऱ्या सिस्को कंपनीने २००० च्या सुमारास स्वतःची पद्धत आणली, ८०२.३एएफ हे मानक २००३ मध्ये आले. त्यानुसार स्विच प्रत्येक पोर्टवर (केबल जोडण्याच्या खाचेवर) १५.४ वॉट देतो व १०० मीटर केबलमध्ये वाया जाणारी वीज धरून उपकरणास १२.९५ वॉट मिळण्याची हमी असते. २००९ च्या ८०२.३एटीने पोर्टची मर्यादा ३० वॉटपर्यंत नेली. वीज सोडण्यापूर्वी स्विच अल्प दाब लावून सुमारे २५ किलोओहमचा रोध शोधतो. तो न आढळल्यास वीज देत नाही, म्हणून साधा संगणक जोडला तरी त्यास अपाय होत नाही.

सर्व पोर्टांची बेरीज स्विचच्या एकूण क्षमतेत बसते असे मात्र गृहीत धरू नये. २४ पोर्टांना प्रत्येकी १५.४ वॉट द्यायचे तर सुमारे ३७० वॉट हवेत. साधे टेबलफोन बहुधा ७ वॉटच्या वर्गात मोडतात, त्यांना १६८ पुरतात. रंगीत पडद्याच्या संचांनी हिशेब बदलतो.

बॅण्डविड्थची मागणी त्या मानाने किरकोळ. जी.७११ संकेतनात (आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची एक पद्धत) आवाजाला ६४ किलोबिट प्रतिसेकंद लागतात, माहितीच्या प्रत्येक पाकिटावरील पत्ता वगैरेंची शीर्षके धरून ईथरनेटवर सुमारे ८७. खरी अडचण विलंबाची. तो एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. म्हणून आवाजासाठी वेगळे व्हीलॅन (त्याच जाळ्यातील स्वतंत्र आभासी विभाग) ठेवतात व पाकिटांना अग्रक्रमाची खूण (डीएससीपी ४६) देतात. संगणक फोनमागच्या पोर्टला जोडला की एका टेबलास दोन आयपी पत्ते लागतात.

यूपीएसवर स्विच घेऊन राऊटर व फायबर मोडेम भिंतीच्या सॉकेटवरच ठेवणे ही नेहमीची चूक. वीज गेली की फोनचे पडदे उजळलेले राहतात, बाहेरचा कॉल मात्र लागत नाही.