खोल हिमात पकड कुठून येते? स्नोमोबाइलच्या पट्ट्याची निवड

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रेव्हलस्टोक हे गाव सेलकर्क आणि मोनाशी या दोन पर्वतरांगांच्या मध्ये वसलेले आहे. प्रशांत महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे या रांगांना अडतात आणि वरच्या उतारांवर एका हिवाळ्यात 10 मीटरहून अधिक हिम पडते. गावाजवळच्या बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज या भागांत स्नोमोबाइल चालवणारे लोक इंजिनाबद्दल हिरिरीने बोलतात. परंतु छातीइतक्या भुसभुशीत हिमात यंत्र चढणार की रुतणार, हे बव्हंशी त्याच्या खालचा रबरी पट्टा ठरवतो. हा पट्टा निवडताना दात्यांच्या उंचीला अवाजवी महत्त्व दिले जाते आणि लांबीचा विचार मागे पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्नोमोबाइलच्या पुढे दिशा देण्यासाठी दोन स्की असतात आणि मागे इंजिनाच्या जोरावर फिरणारा अखंड रबरी पट्टा असतो. क्युबेकमधील व्हॅलकोर्टच्या जोसेफ-आर्मंड बोम्बार्डिए यांनी दातेरी चाक आणि पट्टा यांच्या जोडणीचे पेटंट 1937 मध्ये मिळवले आणि 1959 मध्ये त्यांची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली. मूळ कल्पना आजही तीच आहे, मापे मात्र बदलली आहेत. दबलेल्या वाटांवरच्या यंत्रांचा पट्टा साधारण 129 किंवा 137 इंचांचा असतो, तर डोंगरी यंत्रांचा 146 पासून 175 इंचांपर्यंत जातो. पट्ट्यावर आडव्या ओळींत उभ्या असलेल्या रबरी दात्यांना लग म्हणतात. वाटेवरच्या यंत्रांना सव्वा इंचाच्या आसपासचे लग पुरतात. डोंगरात अडीच ते तीन इंचांचे लग वापरतात. सोलंग किंवा गुलमर्गला आपल्यापैकी अनेकजण ज्या स्नो-स्कूटरवर बसून आले असतील, त्या बहुधा दाबून घट्ट झालेल्या हिमावरूनच फिरवल्या जातात. त्यामुळे खोल हिमाची खरी अडचण तेथे जाणवत नाही.

ही अडचण पहिल्यांदा भाराची आहे. ताज्या कोरड्या हिमाच्या एका घनमीटरचे वजन 50 ते 100 किलोग्रॅम भरते, म्हणजे त्यात बहुतांश हवाच असते. यंत्र, इंधन आणि चालक मिळून 330 किलोग्रॅमचा भार धरला, पट्ट्याची रुंदी 15 इंच आणि त्याच्या एकूण लांबीपैकी जमिनीला टेकलेला भाग सुमारे 40 टक्के मानला, तर 165 इंचांच्या पट्ट्याखाली दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 50 ग्रॅमचा दाब येतो. सामानासह 80 किलोग्रॅमचा माणूस दोन बुटांवर नुसता उभा राहिला तरी त्याचा दाब याच्या अडीचपट होतो, आणि पाऊल उचलले की पाचपट. म्हणूनच ज्या हिमावर यंत्र तरंगते, त्यात खाली उतरलेला चालक कमरेपर्यंत बुडतो. 146 इंचांवरून 165 इंचांवर गेल्यास टेकलेले क्षेत्रफळ सुमारे 13 टक्क्यांनी वाढते. ही वाढ दिसायला किरकोळ आहे, पण यंत्र जितके कमी बुडते तितके कमी हिम त्याला पुढे ढकलत न्यावे लागते, आणि चढावर तो फरक मोठा ठरतो.

दुसरी अडचण पकडीची. पट्टा मागे रेटतो तेव्हा हिमाचा थर दोन कारणांनी विरोध करतो: त्यावरच्या वजनामुळे होणारे घर्षण आणि कणाकणांतील चिकटपणा. सैल मातीवरच्या वाहनांसाठी हेच गणित पोलिश अभियंते मिएचिस्वाव बेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात विस्ताराने मांडले. पुढे चंद्रावरच्या वाहनाच्या आराखड्यातही त्यांचा वाटा होता. ताज्या कोरड्या हिमात चिकटपणा जवळपास नसतोच. कोरडी रांगोळी मुठीत दाबून गोळा होत नाही, तशीच त्याची गत. मात्र हिमाचा एक गुण येथे कामी येतो. दाबले गेलेले स्फटिक एकमेकांना टेकतात त्या जागी लगेच सांधले जाऊ लागतात. दोन लगांच्या मधल्या पोकळीत शिरलेले हिम दबून त्याची वडी बनते आणि लग त्या वडीला टेकून यंत्राला पुढे ढकलतो. पट्ट्याला घट्ट जमीन मिळत नाही. ती तो स्वतः तयार करतो.

म्हणून थांबलेले यंत्र सुरू करताना थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारी कळ, एकदम पूर्ण दाबला की घात होतो. वडी बनायला जो क्षण लागतो तो पट्टा देत नाही. हिम मागे उडते, मागचा भाग खाली बसतो, पुढचा भाग वर उठतो आणि काही सेकंदांत पट्ट्याच्या रुंदीचा खोल चर तयार होतो. जाणकार चालक आधी यंत्रापुढचे हिम पायांनी तुडवून घेतात, शक्य असेल तर उताराच्या दिशेने तोंड करतात आणि हलक्या हाताने सुरुवात करतात. वेग आल्यावर चित्र पालटते. मग हिम मागे फेकल्याची प्रतिक्रियाही यंत्राला पुढे लोटू लागते आणि तेथे उंच लगांचा उपयोग होतो.

लगांच्या ओळींतील अंतराला पिच म्हणतात आणि डोंगरी पट्ट्यांत ती बहुधा 2.86, 3 किंवा 3.5 इंच असते. उंच लगांना जास्त पिच हवी, नाहीतर मधली पोकळी अरुंद होऊन हिम नीट आत शिरत नाही. पिच बदलली की पट्टा फिरवणारी दातेरी चाकेही बदलावी लागतात. युटा आणि वायोमिंगच्या कोरड्या हिमात तीन इंचांचा लग शोभतो; वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड रांगांच्या ओल्या, जड हिमात किंवा वसंतातल्या दबलेल्या थरांवर अडीच इंच पुरेसे होतात, कारण तेथे तेवढ्याच उंचीच्या लगाला कितीतरी अधिक वस्तुमान सापडते.

उंच लग फिरवायला शक्ती लागते, आणि ती उंचीवर कमी मिळते. समुद्रसपाटीपासून 3,000 मीटरवर हवा सुमारे एक चतुर्थांश विरळ असते आणि साध्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. स्की-डूने 2020 च्या मॉडेलमध्ये 850 सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला कारखान्यातच टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, जोडला तो याच कारणाने. 600 सीसीच्या यंत्रावर तीन इंचांच्या लगांचा पट्टा चढवला, तर पट्ट्याचा वेग पडतो आणि उंच लगांचा फायदा हाती येत नाही.

रेव्हलस्टोकला वर पोहोचण्यासाठी आधी जंगलातील दबलेल्या वाटेवरून बरेच अंतर कापावे लागते, हेही निवडताना विसरू नये. कठीण पृष्ठभागावर उंच, मऊ लग सतत वाकतात आणि कालांतराने मुळाशी फाटू लागतात. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्या हायफॅक्सना थंड ठेवायला उडते हिम लागते. ते न मिळाल्यास त्या तापून वितळतात. यासाठी स्क्रॅचर नावाच्या स्प्रिंगच्या काड्या खाली सोडून बर्फ खरवडला जातो. आडव्या उतारावरून जाताना यंत्र एका कडेवर कलवावे लागते. त्यासाठी बाहेरच्या कडा वाकणारे पट्टे आले आहेत आणि त्यांमुळे कमी ताकदीच्या चालकालाही लांब यंत्र आवरता येते.

या सर्वांतून मी निवडेन ते असे: सरासरी वजनाच्या चालकासाठी, 850 सीसीच्या यंत्रावर, 165 इंच लांब आणि अडीच इंच लगांचा पट्टा. दाट झाडीत वळणे घ्यायची असतील तर 154 इंच. तीन इंचांचे लग टर्बो असेल आणि हिम बहुतेक कोरडेच मिळणार असेल, तेव्हाच. पट्टा चांगला असला की चालक अधिक तीव्र उतारांकडे वळतो, आणि हिमाचे थर तुटून येणारे लोट प्रामुख्याने 30 ते 45 अंशांच्या उतारांवरच सुटतात. सेलकर्कमध्ये पृष्ठभागावर वाढलेले नाजूक स्फटिक नव्या हिमाखाली गाडले जाऊन आठवडेच्या आठवडे कमकुवत थर म्हणून टिकतात, आणि यंत्राच्या भाराने तो थर तुटू शकतो. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचणे, ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधणारा रेडिओ-संच), प्रोब (हिमात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाच्या अंगावर असणे आणि एका वेळी एकानेच उतार चढणे, हे पट्ट्याच्या खरेदीइतकेच आवश्यक आहे.